टाकाऊ उष्णतेची वीज: हिशेब मिलिवॉटचा, युनिटचा नव्हे

संपादक महाशय,

एसीच्या बाहेरच्या युनिटवर पेल्टियरच्या पट्ट्या (दोन बाजूंच्या तापमानफरकातून वीज देणाऱ्या चौकोनी पट्ट्या) चिकटवा आणि वीजबिल निम्मे करा, असे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर फिरत असतात. शाळा-कॉलेजांच्या विज्ञान प्रदर्शनांत त्याचीच छोटी आवृत्ती दिसते: खाली मेणबत्ती, मध्ये पांढरी चौकोनी पट्टी, वर बर्फ आणि टोकाला मिणमिणता लाल एलईडी. दिवा पेटतो हे खरे. पण त्यावरून घर उजळण्याचे जे स्वप्न रंगवले जाते ते साध्या त्रैराशिकातही टिकत नाही. आणि या गोंधळात तंत्राचा खरा उपयोग, विशेषतः सिलिकॉनच्या बारीक चिपचा, बाजूलाच राहतो.

आधी एसीचा हिशेब मांडतो. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता उपसतो. त्यात कंप्रेसरची दीड किलोवॉट मिळवली की बाहेर ६.८ किलोवॉट फेकली जाते. बाजारात सर्रास मिळणारी १२७०६ क्रमांकाची पट्टी घ्या. ४० बाय ४० मिलिमीटर, आत बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या, एका अंशाच्या फरकाला साधारण ५० मिलिव्होल्ट, अंतर्गत रोध २ ओहमच्या आसपास. उष्णतेच्या वाटेत ती वॉटमागे सुमारे १.८ अंशांचा अडथळा घालते. तिच्या दोन बाजूंत १२ अंशांचा फरक ठेवला तर एका पट्टीतून जेमतेम ६.७ वॉट उष्णता जाईल, म्हणजे सगळी उष्णता पार करायला हजारभर पट्ट्या हव्यात. एक पट्टी भार न जोडता ०.६ व्होल्ट दाखवील आणि योग्य भारावर ४५ मिलिवॉट देईल. हजार पट्ट्यांचे मिळून ४५ वॉट, आणि पट्ट्यांचाच खर्च लाखाच्या पुढे.

बरे, हे १२ अंश येणार कुठून? कॉइल आणि वारा यांच्यामध्ये पट्ट्या घातल्या की कॉइलला तीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी आधीपेक्षा १२ अंश जास्त तापावे लागते. कॉइलचे तापमान एका अंशाने चढले की कंप्रेसर ढोबळमानाने २ ते ३ टक्के जास्त वीज खातो. दीड किलोवॉटवर १२ अंशांचे होतात साडेतीनशे ते साडेपाचशे वॉट. ४५ वॉट कमवायला एवढी वीज जाळणे, हा व्यवहार म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही कोणी करणार नाही.

तापमानाच्या फरकातून विद्युतदाब निर्माण होतो हे थॉमस झेबेक यांना १८२१ साली दिसले. पट्टीतून वीज सोडली तर एक बाजू थंड होते, हा उलटा परिणाम पेल्टियर यांचा, १८३४ चा. दुकानातली पट्टी थंड करण्यासाठी बनवलेली असते. तिच्यातून आपण वीज काढतो ती झेबेक परिणामाने. एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवावा: वीज तापमानफरकाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळते. फरक निम्मा झाला की वीज पाव होते. या धंद्यातले बहुतेक अपेक्षाभंग या एका वाक्यात येतात.

आता सिलिकॉन. पृथ्वीच्या कवचात वजनाने शेकडा २८ भाग सिलिकॉन आहे, तर टेल्युरियम सोन्याइतकेच दुर्मिळ आणि तेही मुख्यतः तांबे शुद्ध करताना निघणाऱ्या गाळातून मिळणारे. शिवाय जगभरचे चिप कारखाने सिलिकॉनवर चालतात; त्यांच्या यंत्रात बिस्मथ टेल्युराइड शिरवता येत नाही. तरीही इतकी वर्षे सिलिकॉन या कामाला नालायक ठरला, कारण तो उष्णता फार सहज वाहून नेतो: मीटरमागे अंशाला सुमारे १५० वॉट. बिस्मथ टेल्युराइड दीडच्या घरात. गरम बाजू आणि थंड बाजू क्षणात सारखी झाली तर फरक उरणार कसा? याला वाट निघाली ती जाडी कमी करून. सिलिकॉनमध्ये उष्णता मुख्यतः स्फटिकजाळीच्या कंपनांतून जाते आणि ही कंपने न अडखळता शेकडो नॅनोमीटर धावतात. वीज वाहणारे इलेक्ट्रॉन त्या मानाने फार थोड्या अंतरावर, काही किंवा काही दशक नॅनोमीटरवर आपटतातच. मग सिलिकॉनची पाती ८० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी पातळ केली तर कंपने कडांवर अडतात आणि इलेक्ट्रॉन निघून जातात. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीच्या (पाणी सोडण्याच्या झडपेच्या) दाराला ओहोटीला जाळे लावतात, मासा अडतो आणि पाणी नदीत जाते, तसे काहीसे. उपमा थोडी ढिली आहे, पण काम भागते.

अतिबारीक सिलिकॉन तारांची उष्णतावाहकता जवळजवळ शंभरपट घटते, हे २००८ साली अमेरिकेत बर्कली आणि कॅलटेक इथल्या दोन गटांनी दाखवले होते. २०१९ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतील संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्‌सच्या साथीने पुढचे पाऊल टाकले. नेहमीच्याच चिप उत्पादन पद्धतीने अशा पात्यांची जनित्रे बनवली आणि तापमानफरकाच्या वर्गामागे चौरस सेंटिमीटरला २९ मायक्रोवॉटपर्यंत वीज मिळवली. हा आकडा वरच्या १२७०६ पट्टीशी ताडून पाहा. ५० मिलिव्होल्टचा वर्ग, भागिले चौपट रोध, भागिले १६ चौरस सेंटिमीटर: उत्तर २० मायक्रोवॉटच्या जवळ येते. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने सिलिकॉन बरोबरीला आला. पण तेवढ्याच विजेसाठी तो कितीतरी जास्त उष्णता ओढतो, हे बातम्यांत सहसा येत नाही. (सिलिकॉन आणि जर्मेनियमचा मिश्र धातू मात्र जुना खेळाडू आहे. १९७७ साली सुटलेली दोन्ही व्हॉयेजर अंतराळयाने त्याच्या जनित्रांवर अजून संदेश पाठवतात. पण तिथे गरम बाजू प्लुटोनियमने हजार अंशांच्या आसपास तापलेली असते. आपल्याकडची गोष्ट दीडशे अंशांची.)

उष्णता जास्त ओढणे म्हणजे काय, हे कुंडई किंवा वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यातल्या वाफेच्या नळीवर बघू. नळी १५० अंश, हवा ३३. मध्ये ११७ अंशांची मजबूत दरी. पण ही दरी चिपला मिळत नाही. चिपचा उष्णतेला होणारा रोध वॉटमागे १ अंश धरू, पंख्याशिवायच्या हीटसिंकचा (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पंखांचा) १०, आणि उष्णतावाहक पेस्ट व सांध्यांचा ०.७. बेरीज ११.७, म्हणून १० वॉट उष्णता वाहील. चिपवर पडतील फक्त १० अंश. उरलेले १०० अंश हीटसिंक आणि हवा यांच्यामध्ये खर्ची पडतील, ७ अंश पेस्ट खाईल. अर्धा सेंटिमीटर बाजूच्या चिपचे क्षेत्रफळ पाव चौरस सेंटिमीटर. २९ गुणिले पाव गुणिले १०० म्हणजे सुमारे ७२५ मायक्रोवॉट. पाऊण मिलिवॉट! यावर घरातला झिरोचा दिवाही लागणार नाही. चिप सुधारण्यापेक्षा हीटसिंक सुधारणे इथे जास्त फायद्याचे असते. सिंकचा रोध १० वरून ५ वर आणला तर चिपवर साडेसतरा अंश येतात आणि वीज तिप्पट होते.

ती १० वॉट उष्णताही फुकट नाही. नळीवरचे इन्सुलेशन कापून तिथे जनित्र बसवले, तर वर्षाला साधारण ८८ युनिट उष्णता बॉयलरला जास्त द्यावी लागते आणि हातात पडते सव्वासहा वॉट-तास वीज. म्हणून इन्सुलेशन असलेल्या नळीला हात लावू नये. जिथे धातू तसाही उघडाच असतो, म्हणजे स्टीम ट्रॅप (वाफेच्या नळीत साचलेले पाणी बाहेर सोडणारी झडप), व्हॉल्व्हचे बॉनेट (वरचे झाकण), कंडेन्सेटची म्हणजे वाफेच्या झालेल्या पाण्याची नळी, तीच जागा योग्य.

सव्वासहा वॉट-तास म्हणजे किती? पेन्सिल सेलच्या आकाराच्या एका लिथियम थायोनिल सेलमध्ये ३.६ व्होल्टला २.४ अँपिअर-तास, म्हणजे साडेआठ वॉट-तास असतात. वर्षभराची कमाई एका सेलपेक्षाही कमी! त्यामुळे या चिपची स्पर्धा वीज खात्याशी नाही, सेलशी आहे. जिथे हात पोहोचतो आणि जागा थंड आहे, तिथे सेल लावावा आणि गप्प बसावे. पण असे सेल सहसा ८५ अंशांपर्यंतच चालतात आणि उष्णतेत आपोआप रिकामे होत जातात. ट्रॅपच्या शेजारी, पाइप-रॅकवर वीस फुटांवर, परांची बांधल्याशिवाय बदलता न येणाऱ्या जागी, तिथे चिपचा पाऊण मिलिवॉट सेलला भारी पडतो.

अशा जागी तापमान मोजून बिनतारी निरोप पाठवणाऱ्या सेन्सरला वीज लागते किती ते पाहा. कमी विजेवर दूरवर निरोप धाडणारा लोरा रेडिओ, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झच्या विनापरवाना पट्ट्यात, २९ मिलिअँपिअर, ३.३ व्होल्ट, एका निरोपाला ०.३७ सेकंद: सुमारे ३५ मिलिज्यूल. दर १० मिनिटांनी एक निरोप पाठवला तर सरासरी ६० मायक्रोवॉट. झोपेत १० आणि मोजणीला ८ ते १० धरले तर ८० मायक्रोवॉटमध्ये काम होते. विद्युतदाब वाढवणाऱ्या सर्किटची कार्यक्षमता इतक्या कमी दाबावर ३० ते ४० टक्केच असते. तरी ७२५ मधले अडीचशे मायक्रोवॉट हातात येतात. तिप्पट राखीव. थंडीच्या पहाटे हवा २० अंशांवर येते तेव्हा आणखी थोडे. उलट मे महिन्यात, आणि पंखांवर खारे मळ साचल्यावर, बरेच कमी. राखीव ठेवायचे ते याचसाठी.

आता जोडणी. हाताशी सिलिकॉनची चिप नसली तरी आयटीआय किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना १२७०६ वर सगळे शिकता येते, कारण चुका दोन्हीकडे त्याच होतात.

सर्वात मोठी चूक पृष्ठभागाची. पट्टी आणि धातू यांच्यात ०.१ मिलिमीटर हवेची फट राहिली तर ती वॉटमागे २.३ अंश खाते, म्हणजे पट्टीपेक्षाही जास्त. म्हणून गोल नळीवर पट्टी थेट कधीच बसवू नये. नळीच्या वक्राशी जुळणारा ॲल्युमिनियमचा खोगीर-ठोकळा करून घ्यावा, त्याची वरची बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करावी आणि फूटपट्टीची धार आडवी धरून उजेड दिसतो का ते पाहावे. दिसला तर पुन्हा घासावी. पेस्ट पातळ लावावी: चांगल्या पेस्टचा ०.०५ मिलिमीटर थर वॉटमागे शतांश अंश खातो, एक मिलिमीटरचा थर वीसपट. जास्त पेस्ट म्हणजे जास्त चांगले, हा समज केकवरच्या आयसिंगला लागू.

दुसरी चूक बोल्टची. खोगीर आणि सिंक यांना जोडणारे बोल्ट ही उष्णतेची चोरवाट असते. २० मिलिमीटर लांबीच्या दोन एम-४ पितळी बोल्टांतून पट्टीला मिळणाऱ्या उष्णतेच्या सहाव्या हिश्शाइतकी बाजूने निसटते. स्टेनलेसच्या दोन बोल्टांतून दोन-अडीच टक्केच. डोक्याखाली फायबरचा बुश आणि बशीसारखा स्प्रिंग वॉशर घालावा, नाहीतर नळी थंड-गरम होताना दाब सुटतो. बोल्ट आलटून पालटून, पाव-पाव आटा फिरवत आवळावे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की सिरॅमिक टिचते. टिचल्याचा आवाज येतोच असे नाही, पण मल्टिमीटरवर रोध वेडावाकडा उड्या मारू लागतो.

तिसरी गोष्ट तापमानाची. थंडाव्याच्या साध्या पट्ट्यांत बऱ्याचदा बिस्मथ-कथलाचे झाळ असते आणि ते १३८ अंशांना वितळते. १५० अंशांच्या नळीवर ती थेट ठेवली आणि वरचा सिंक सैल पडला, तर जोड्या आतल्या आत सुटतात. इतक्या गरम नळीवर जनित्र म्हणूनच बनवलेली पट्टी घ्यावी.

आणि चौथी आपल्या हवेची. पावसाळ्यात दवबिंदू २५ अंशांच्या घरात असतो. हॉटेलांतल्या थंड पाण्याच्या ७ अंशांच्या नळीवर हाच प्रयोग उलट्या दिशेने करता येतो, पण थंड बाजू सतत घामेजते. ओल, मीठ आणि जोड्यांवरचा विद्युतदाब एकत्र आले की तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. कडा सिलिकोन सीलंटने बंद कराव्यात, पण व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट घेऊ नये. त्यातले आम्ल तांबे खाते. हार्डवेअरच्या दुकानात 'न्यूट्रल' मागावे. सिंकचे पंख उभे, दोन पंखांत निदान ८ मिलिमीटर अंतर, आणि सिंक नळीच्या डोक्यावर न बसवता बाजूला, म्हणजे नळीवरून वर चढणारी गरम हवा त्याला लागणार नाही. चकचकीत ॲल्युमिनियमपेक्षा काळे ॲनोडाइझ केलेले बरे, ते किरणांनीही उष्णता टाकते.

विजेच्या बाजूला विद्युतदाब वाढवणारे एलटीसी ३१०८ हे चिप १:१०० च्या छोट्या ट्रान्सफॉर्मरसह २० मिलिव्होल्टवरही सुरू होते. दिशा उलटण्याची शक्यता असेल तर ३१०९, ते दोन्ही ध्रुवांना चालते. इथे दोन खोडे हमखास पडतात. पहिला: दाब हळूहळू चढत दोन व्होल्टजवळ येतो, प्रोसेसर अर्धवट जागा होतो, काही मिलिअँपिअर ओढतो, दाब कोसळतो आणि हेच तासन्‌तास चालू राहते. बाहेरून वाटते जनित्र कमजोर आहे. उपाय म्हणजे चिपच्या 'पॉवर गुड' पिनवर चालणारा स्विच घालून दाब पूर्ण चढेपर्यंत सेन्सरला वीजच न देणे. दुसरा: नाण्याच्या आकाराचा ५.५ व्होल्टचा, १ फॅरडचा, वीज साठवणारा सुपरकपॅसिटर. याचा अंतर्गत रोध ३० ओहमच्या घरात असतो. रेडिओने २९ मिलिअँपिअर ओढले की जवळजवळ एक व्होल्ट तिथेच पडतो आणि रेडिओ रिसेट होतो. कमी रोधाचा घ्यावा, आणि नळीपासून हातभर लांब ठेवावा.

गोव्यात हे कुठे लावावे आणि कुठे नको? मालिमच्या ट्रॉलरवर किंवा चोडणच्या फेरीबोटीत इंजिनाची उष्णता भरपूर, पण तिथे अल्टरनेटर आणि बॅटरी आहेच, नको. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीची भिंत बाहेरून ९० अंशांना चटके देते, म्हणून ती मोहात पाडते. पण नऊ इंची विटेतून पट्टीच्या आकाराला जेमतेम एक वॉट उष्णता येते. पट्टी लावली की तो भाग थंड पडतो आणि पट्टीवर दोन अंशही राहत नाहीत. गरम लागणे वेगळे आणि उष्णता देणे वेगळे. खरी जागा कारखान्यांचे आणि हॉटेल-लाँड्रींचे स्टीम ट्रॅप. एक खबरदारी: ट्रॅप उघडा अडकून वाफ गळत असेल तर केवळ तापमानावरून ते नीट कळत नाही, त्याला आवाज टिपणारा पिझो सेन्सर लागतो. ट्रॅप बंद अडकला तर नळी थंड पडते आणि जनित्रच बंद होते. त्यासाठी सुपरकपॅसिटरमध्ये एका शेवटच्या निरोपापुरती वीज राखून ठेवावी आणि विद्युतदाब घसरू लागताच तो निरोप पाठवावा, नाहीतर सेन्सर बिघडला की ट्रॅप, हे कंट्रोल रूमला कळणार नाही.

विज्ञान प्रदर्शनांच्या परीक्षकांना एक विनंती. अशा मॉडेलसमोर थांबलात की दोनच गोष्टी मोजायला सांगा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिकटून असलेल्या धातूचे तापमान, हवेचे किंवा ज्योतीचे नव्हे. आणि २ ओहमचा रोध जोडून, १५-२० मिनिटे थांबून मग येणारे व्होल्ट. थांबायचे यासाठी की वीज वाहू लागली की पेल्टियर परिणाम पट्टीतून जास्त उष्णता ओढतो, सिंकही तोवर तापत जातो, आणि पहिल्या मिनिटाचा आकडा नेहमी खोटा मोठा असतो. मुलांनी तक्त्यावर हाच दुसरा आकडा लिहावा.

आपला,
एक वाचक,
फर्मागुडी, फोंडा